एकदाच विचारलं

१७ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी.
डायरी ह्यांच्या फॅक्टरीतली, मागच्या वर्षीची. कोरी टाकवेना. वार खोडून नवे घातले.
शलाकाच्या युनिव्हर्सिटीतून फोन आला. ती बारवी धरणावर पाण्याचे नमुने घ्यायला गेली आहे. तिथे रेंज नसते, म्हणून फॉर्मवर माझा नंबर. ऑफिसातल्या बाई गोड बोलल्या. मे महिन्यात व्हिएन्नाला परिषद आहे, शलाकाने तिथे पेपर वाचायचा, विमानाचं जाण्यायेण्याचं तिकीट आणि राहणं ग्रँटमधून. तिचं नाव लागलंय, घेताय ना?
मी म्हटलं, "अहो, कशाला एवढं? राहू द्या. आमचं आम्ही बघू."
त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.
मी फोन कानाला लावून तशीच उभी. पुन्हा विचारतील म्हणून.
विचारतीलच. पद्धत असते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. रात्रीची भांडी झाल्यावर.
फोन नाही. दिवसभर मोबाईल देवघरात, चार्जिंगला लावून. आवाज फुल.
शलाका आली. कुणाचा फोन होता का, विचारलं. गॅसवाल्याचा होता म्हटलं. तो खरंच आला होता. म्हणजे खोटं नाही.
उद्या तिला सगळं सांगायचं. नक्की.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
सांगितलं नाही. तिला सर्दी आहे. सर्दीत माणूस आधीच बेजार.
आपण होऊन फोन करावा असं दोनदा मनात आलं. पण ते हावरटासारखं दिसेल. बदलापूरची माणसं टपूनच बसली होती म्हणतील.
खालच्या मजल्यावरच्या सुनेत्रावहिनी त्यांच्या सोहमचा लोकरीचा कोट घेऊन आल्या. शलाकाने अर्ज केलाय हे त्यांना ठाऊक, व्हिएन्नात तिला लागेल म्हणून. मी नको म्हटलं. त्यांनी पुन्हा दिला. मी पुन्हा नको. मग त्यांनी कोट सोफ्यावर टाकला, चहा घेतला नि गेल्या. याला म्हणतात देणं. युनिव्हर्सिटीत एवढी शिकलेली माणसं, त्यांना हे कळू नये?

२४ फेब्रुवारी, सोमवार. ४ वाजता.
शलाका कॅम्प दोनच्या बाजारात चाकांची बॅग बघून आली. घेतली नाही, ग्रँटचं पत्र आल्यावर घेईन म्हणते. दुकानदार सिंधी. "ले जा बेटी, पैसे बाद में" असं तीनदा म्हणाला म्हणे. बघा.
भाजी करपली. तशीच खाल्ली मी. प्रायश्चित्तही झालं, वायाही गेली नाही.
ठरलं. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या देवळात निर्जळी जायचं, देवासमोर कबूल करायचं, आणि घरी येऊन शलाकाला सांगायचं.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र.
साडेतीन तास रांगेत. गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत वाक्य पाठ केलं होतं. पण मागून असा रेटा आला की तोंडून निघालं, देवा, त्या ऑफिसातल्या बाईंना बुद्धी दे.
बाहेर एक जण प्रसाद वाटत होता. मी नको म्हटलं. त्याने मागच्या बाईला दिला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार.
अमावास्या. आज असलं बोलू नये.

१ मार्च, शनिवार.
शलाका घरी आली. जेवली, ताट घासून ठेवलं. मग म्हणाली, यादी लागली, नाव नाही. माझ्याकडेच बघत होती.
मी म्हटलं, देवाच्या मनात असेल तसं.
देवाला मध्ये घातलं. आज वात लावताना वर बघितलं नाही.
ह्यांनी ऑफिसच्या नावाने खडे फोडले. मीही दोन शब्द बोलले. गप्प बसले असते तर संशय आला असता.

४ मार्च, मंगळवार. ११.२०
फोन केला. म्हटलं, बाई, त्या दिवशीचं माझं नको म्हणजे खरं नको नव्हतं.
मग म्हणाल्या, "काकू, माझ्याकडे यादीत मागे अकरा मुलं थांबली होती. मी आग्रह कुणाकुणाला करू?"
जागा शलाकाच्याच लॅबमधल्या उन्नतीला गेली. उन्नतीची आई पोळीभाजी केंद्र चालवते. तिने पहिल्याच फोनला हो म्हटलं असणार.
आज संध्याकाळी सांगते. किंवा शुक्रवारी. शुक्रवार चांगला.

९ मार्च, रविवार.
सांगितलं.
शलाका लॅपटॉप मिटून म्हणाली, "माहीत आहे. एक तारखेलाच ऑफिसात बघितलं. नावापुढे लिहिलंय, घरच्यांचा नकार. तू कधी सांगतेस तेवढंच बघत होते."
इतके दिवस ती माझ्यासमोर बसून जेवत होती.
मी उठले. तिच्या लग्नासाठीची एफडी आहे, ती ह्यांनाही माहीत नाही. पावती काढून तिच्या हातात दिली. म्हटलं उद्याच मोडू, तू जा व्हिएन्नाला.
ती म्हणाली, "नको."
मी पुन्हा म्हटलं.
तिने पावती घडी घालून माझ्या मुठीत ठेवली. "आई, परवा दिली असतीस तर लगेच घेतली असती. नाव नोंदवायची मुदत काल संपली."
तरी मी आणखी एकदा विचारलं.