उणे ३.१

३ जून, सोमवार

उणे ३.१ म्हणजे नक्की किती वाईट? पदवी आहे माझ्याकडे, घरातली पहिली, चौकटीत बसवून भिंतीवर टांगलेली — आणि या एका आकड्याचं उत्तर मला देता येत नाही!

बुद्धिबळ मंडळाच्या चिटणीसांनी आज लॅपटॉपवर नवं सॉफ्टवेअर घालून दिलं. "रविवारी सभासदांना पडद्यावर समजावून सांग. तू शिकलेली आहेस." मला सोंगट्या हलवण्यापुरतंच येतं, हे सांगायचं राहून गेलं.

नमुन्याला एक डाव हवा होता. बाबांच्या दुकानाच्या खणात, मोजपट्ट्यांखाली, खेळ्या लिहिलेला तो कागद अजून आहे. गेल्या वर्षीची अंतिम फेरी. बाबा काळ्याकडून, समोर चष्म्याच्या दुकानवाले काका. बाबांचा एक उंट जास्त होता, पण एकतिसाव्या खेळीला वजीर कोंडला गेला आणि त्यांनी डाव सोडला. "शिंपी घाबरला," असं कोणीतरी हसलं. तेव्हापासून बाबा मंडळाची पायरी चढलेले नाहीत.

सगळ्या खेळ्या भरल्या. शेवटी आकडा आला: –३.१.

४ जून, मंगळवार

उलगडलं! आकडा प्याद्यांच्या मापात असतो. एक म्हणजे एका प्याद्याइतका फरक, तीन म्हणजे साधारण एक उंट किंवा घोडा. शून्य म्हणजे दोघे सारखे. पटाशेजारी एक उभा खांब असतो, पांढरा आणि काळा. फरक जसा वाढतो तसा तो सरकतो. वर 'खोली' लिहिलेली असते — यंत्र किती खेळ्या पुढे पाहतंय ते. खोली वाढली की आकडाही बदलतो. बारावर –२.४ होता, सव्विसावर –३.१. म्हणजे हेसुद्धा विचार करता करता मत बदलतं! मला ते एकदम माणसासारखं वाटलं.

आणि खांब जवळजवळ पूर्ण काळा. एवढा अंधार!

धावत दुकानात गेले. "बाबा, डाव गेलेलाच होता. उणे तीन. तुम्ही सोडलात ते बरोबरच होतं."

बाबांनी सुईतला दोरा तोडला. "असं म्हणतं ते?"

"स्पष्ट."

"मग दाखव रविवारी खुशाल."

जेवताना ते शीळ घालत होते. आई म्हणाली, "आज यांना झालंय काय?"

५ जून

बाबांनी मंडळात जायचा सदरा इस्त्रीला काढला. वर्षानंतर. मी केलं हे!

६ जून, गुरुवार

माझ्या हातून काय झालं हे.

गंमत म्हणून नवा पट मांडला आणि पांढऱ्याचा वजीर उचलून बाजूला ठेवला. म्हटलं, आकडा किती पडतो बघू. उणे नऊ! वजीर पांढऱ्याचा गेला आणि आकडा उणे? मग काळ्याचा काढून पाहिला. अधिक नऊ. पट फिरवून काळ्या बाजूने बघितलं, तरी आकडा तोच.

म्हणजे उणे म्हणजे 'वाईट' नव्हेच. आकडा कायम पांढऱ्याच्या बाजूने बोलतो. अधिक म्हणजे पांढरा वरचढ, उणे म्हणजे काळा. आणि तो काळा खांब अंधार नव्हता. ते बाबा होते.

आकड्याखाली यंत्राने सुचवलेल्या खेळ्यांची ओळ असते, ती मी वाचलीच नव्हती. कोंडलेल्या वजिराने शह द्यायचा आणि त्याचा बळी द्यायचा. त्याला मारू शकतो फक्त पांढऱ्याचा वजीर. मग घोडा: राजाला शह आणि वजिरावर मारा, एकदम. वजीर परत, उंट जास्तच.

बाबा जिंकत होते. जिंकता जिंकता सोडला त्यांनी. आणि रविवारी हे पडद्यावर अख्खं मंडळ बघणार.

दुसरा डाव घेता येईल. कोणाला कळणारही नाही. पण मग मी त्यांना खोटं सांगितलं ते तसंच राहील.

आई म्हणाली, "चेहरा का पडलाय? हरलीस का त्या डब्याशी?"

८ जून, शनिवार

सांगितलं. बाबा कापडावर खडूने रेघ मारत होते.

"बाबा, मी उलटं वाचलं. उणे म्हणजे काळ्याची सरशी. तुम्ही जिंकत होतात."

खडू थांबलासुद्धा नाही. "वजीर द्यायचा होता. शह देऊन."

"कधी कळलं?"

"त्याच दिवशी. घरी येताना, पुलावर. पाय तिथेच खिळले."

"मग मंगळवारी मी सांगत होते तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू चुकतेयस ते कळत होतं गं. पण वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं, बाबा, तुमचं बरोबर होतं. म्हटलं, ऐकून घ्यावं चार दिवस."

मी म्हटलं, दुसरा डाव दाखवते.

त्यांनी रेघ पूर्ण केली. "डाव तोच दाखव. पण आकडा झाकून. आकडा दिसला की सगळेच शहाणे." आणि काळ्या अस्तराचा एक तुकडा कापून माझ्या हातात ठेवला.

उद्या येणार का, ते बोलले नाहीत. सदरा खुंटीलाच आहे.

९ जून, रविवार

आकडा, खांब, खाली सुचवलेल्या खेळ्या — सगळं आधी कोऱ्या पटावर समजावलं. मग पडद्यावर जिथे आकडा पडतो तिथे अस्तर चिकटवलं, बाकीचं बंद केलं आणि एकतिसावी खेळी लावली. "तुम्ही काळ्याकडून असता, तर?"

चष्मेवाले काकाच आधी बोलले. "वजीर गेलाच की. मीही सोडला असता." पंचवीस माणसं. एकानेही दुसरं काही सुचवलं नाही.

शेवटच्या रांगेत खुर्ची सरकली. इस्त्रीचा सदरा. बाबा पडद्याकडे न बघता कोपऱ्यातल्या लाकडी पटाशी गेले, डाव मांडला आणि शह देऊन वजीर दिला. काकांनी तो घेतला. मग घोडा.

काकांनी बाबांसाठी खुर्ची ओढली. "बसा हो," म्हणाले. "पुढचं खेळू."

आकडा किती, हे कोणीच विचारलं नाही. मीही अस्तर काढलं नाही. ते तिथेच ठेवून आलेय.