रामधनीचा उजवा हात

११ फेब्रु. ५३
भरतीला गोदीचा दरवाजा उघडतो. तेवढ्यात जहाज सुटलं नाही तर पुढच्या भरतीपर्यंत अडकलं. शेवटची एक पेटी राहिली होती, यंत्राची, अवजड. क्रेनवर टांगलेल्या पेटीला दोन्ही टोकांना दोर बांधून लांबूनच सावरायची, हा नियम मीच सगळ्यांना पढवलेला. सुपरवायझर ना मी! दोर बांधायला फार तर दहा मिनिटं. मी ओरडलो, "रस्सी छोड़ो! हाथ से पकड़ो!"
वाऱ्यानं पेटी फिरली. पेटी धरलेल्या रामधनी हमालाचा उजवा पंजा पेटी आणि मालगाडीचा डबा यांच्यामध्ये...
जहाज वेळेवर गेलं.

१२ फेब्रु.
साहेबांनी विचारलं, "दोर बांधायला सांगितलं होतं ना?" मी मान हलवली. मग तसंच लिहून दिलं : सूचना असूनही कामगाराने पेटी हाताने धरली. इंग्रजीत किती सभ्य दिसतं! सही मात्र नेहमीसारखी झोकदार आली. लाज वाटली, तरी कागद परत मागितला नाही.

१४ फेब्रु.
जेवण जात नाही. सौ.ला म्हटलं, पोट बिघडलंय. "तीन दिवस?" खाई त्याला खवखवे. तिला सांगायचं होतं, पण ती अभिमानानं माहेरी पत्र लिहीत बसली होती, यांच्यामुळे जहाज सुटलं म्हणून. ताटावरून उठलो.

१७ फेब्रु.
इस्पितळात गेलो. अंगठा आणि एक बोट राहिलंय. संत्री नेली होती. ती त्याला सोलता येईनात, हे माझ्या आधी लक्षात यायला नको? मीच सोलून दिली. शेजारच्या खाटेवाल्याला सांगत होता, "साहब ने खुद गोद में उठाकर गाड़ी में बिठाया।"
उचललं होतं, खरं आहे. कागदावर मी काय लिहिलंय ते त्याला ठाऊक नाही.

२४ फेब्रु.
चौकशी उद्या. चूक त्याची ठरली तर नाव कटणार, गोदीची खोलीही जाणार. बायको-मुलं बिहारात, गावी छपऱ्याला धाडावी लागतील. माझी ठरली तर... बदली? बढती गेलीच. दोन्ही बाजू मांडून पाहतोय, म्हणजे मी कुठल्या थराचा माणूस आहे ते कळलंच.

संध्याकाळी रामधनी दारात. हात गळ्यात बांधलेला. सौ.नं चहा दिला, तो त्यानं डाव्या हातानं घेतला आणि डाव्या हाताबद्दल तिची माफी मागितली.
मला म्हणाला, "साहब, मैं बोल दूँगा कि गलती मेरी थी। आप पर आँच नहीं आने दूँगा। बस, आपने कागज में क्या लिखा है, सुना दीजिए। मेरी बात उससे अलग न पड़ जाए।"
नक्कल टेबलावरच होती. सौ.नं ती उचलून माझ्या हातात दिली आणि ऐकायला तिथंच उभी राहिली.
तारीख वाचली. जहाजाचं नाव वाचलं. पुढच्या ओळीवर 'सूचना असूनही' आलं, आणि तिथं माझं वाचन थांबलं.