दिलेला निरोप

२ मे
देवाच्या कृपेने सामोआच्या सवाईई बेटावर सुखरूप पोचले. हे न्यूझीलंडला फळं तोडायला गेलेत. तोवर यांच्या थोरल्या भावाची, मताइओ भाऊजींची सेवा करायची. त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ऑपरेशन होणार नाही म्हणून सांगितलं, कावीळ उतरावी एवढ्यासाठी आत नळी बसवली आणि घरी पाठवलं. आणि आज हा माणूस अंगणातल्या कबरीवर बसून भाजलेले टारोचे कंद खात होता! म्हणाले, ये गं पेनिना, ही माझीच जागा, आधी बांधून ठेवली, आता बसायला होते. हसून पोट दुखलं माझं.

६ मे
जाऊबाई सिएनी साबण फार उधळतात. मी जुन्या लुंगीची हातपुसणी शिवली. भाऊजींना तपासून आणलं. गाठ आहे तशीच आहे, असे रोगी क्वचितच, डॉक्टर म्हणाले. देवाचे आभार मानले.

११ मे
जाऊबाई बोलल्या. भाऊजी वाचत नाहीत असं धरून सहा वर्षांपूर्वी निरोपाची प्रार्थना आधीच उरकली होती. मयताला वाटतात त्या घरच्या तलम चटयाही गावासमोर देऊन टाकल्या. मी म्हटलं, मग आता परत मागा की. वेडे, निरोप दिला की कुणाला तरी जावंच लागतं, म्हणाल्या.

१५ मे
कबर रिकामी नाही. शेजारीण म्हणाली, तुला कुणी सांगितलंच नाही का? आत भाऊजींची बहीण तौसाला आहे. तीच त्यांचं सगळं करायची. तिला तोच आजार झाला, त्याच जागी. ती गेली आणि भाऊजी उठून बसले.

२० मे
भाऊजींच्या पाठीत पुन्हा कळ. ताट तसंच. जाऊबाई रडल्या, मग माझ्याकडे पाहून डोळे पुसले. दुपारी अंगणात वाळू-सिमेंट आलं.

२३ मे
अंगभर खाज. लघवी काळ्या चहासारखी. यांना फोन केला, मला न्या म्हटलं. म्हणाले, दादा घराण्याचा प्रमुख, त्याच्या घरातून पळून येतेस? लाज आणशील. प्रभू, तूच—

२५ मे
डोळे पिवळे. भाऊजींनी दोनदा वाढून घेतलं. दोनदा—

२६ मे
बायका आल्यात. चटया घेऊन. पाद्रीही. मी उभी आहे, बोलते आहे, कुणी माझ्याकडे बघत नाही— जाऊबाई रडताहेत, आमची पेनिना गुणाची होती म्हणताहेत— होती— थांबवा, मी अजून