आत्याच्या आधी

४ जानेवारी
आलो एकदाचा. शेगावला गाडीतून उतरलो. जीपमध्ये बारा माणसं आणि एक शेळी, त्यांच्यात मी आणि माझी यंत्राची पेटी. शेळीला खिडकी मिळाली. वरवट बकालच्या पुढचं हे प्रसूतिगृह छोटं, पण स्वच्छ. खोली हवेशीर, चहात चमचा उभा राहील इतकी साखर. काम सोपं : जन्मलेल्या बाळाचे कान ते घरी जाण्याआधी तपासायचे. पुण्यात वीस वर्षं श्रवणयंत्रं विकली, ज्यांना ऐकायचंच नाही अशांशी भांडलो. इथलं गिऱ्हाईक निदान उलट बोलणार नाही.

५ जानेवारी
आया अंबूबाईला समजावलं, की कान नुसता ऐकत नाही, बोलतोही. नळीतून बारीक टकटक सोडली, की धडधाकट आतला कान स्वतःचा एक आवाज परत पाठवतो. यंत्र तो पकडून कागदावर आलेख काढतं. रोज सकाळी मी नळी आधी माझ्याच कानात घालून बघतो. माझा आलेख मला पाठ आहे. तिसऱ्या शिखराला खाच; लहानपणी कानाशी फुटलेल्या सुतळी बॉम्बची पावती.

अंबूबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, सायब, लेकराच्या कानात पयले आत्या नाव सांगते, मंग जग बोलते. तुमी काऊन मधात घुसून राह्यले? मी म्हटलं, बारसं बाराव्या दिवशी, बाळ घरी जातं तिसऱ्या दिवशी, आणि अहवाल मागणाऱ्या डॉक्टरला आत्या नाही.

१० जानेवारी
सात बाळं, सातही पास. साती आलेखांच्या तिसऱ्या शिखराला खाच. या पोरांनी सुतळी बॉम्ब कधी उडवले?

कंपनीला फोन केला. मुलगी गोड आवाजात म्हणाली, यंत्र बंद करून चालू करा. केलं. पुन्हा फोन, पुन्हा तोच सल्ला. नळी रिकाम्या बाटलीत धरली, तर आलेख सपाट. म्हणजे यंत्र ठीक आहे. डॉक्टर म्हणाले, पास आहेत ना, मग कशाला डोकं लावता. तरी उलगडा होईपर्यंत नवं बाळ तपासायचं नाही, असं मीच ठरवलं. त्यातून माझे कान वाजताहेत, बाजार दुरून ऐकावा तसे.

१३ जानेवारी
सातांतल्या पहिल्या बाळाची आई, वंदना, त्याला घेऊन आली. तक्रार अशी : मी हाक मारली त याची मान हालत नाही, अन् काल एक वाजता घरात चिटपाखरू नसताना असं दचकलं, की पाळणा हालला. काल एक वाजता माझ्या हातून स्टीलचं ताट पडलं होतं. तिचं घर इथून चार किलोमीटर.

योगायोग, म्हणून तुळशीराम शिपायाला तिच्या घरी पाठवलं आणि फोन चालू ठेवून, पण आवाज त्यातून जाऊ नये म्हणून तो उशीखाली दाबून, खोलीत चमचा वाजवला. तुळशीराम म्हणाला, सायब, दचकलं ना बे. पाच वेळा वाजवला. पाचही वेळा. मग मला साहेब आणि बे एकाच वाक्यात म्हटल्याबद्दल रागवायचंही सुचलं नाही.

पोरांना आई ऐकू येत नाही. मला जे ऐकू येतं, तेवढंच येतं.

१६ जानेवारी
वंदनाकडे बारसं. अंबूबाईचं आत्याबद्दलचं बोलणं आठवून मीच घाई केली. आत्या मनालीनं कानात कुर्र करून नाव सांगितलं. पोरानं मान वळवली, आईकडे. वंदना रडली. तिथंच आलेख काढला, खाच नाही, त्याचा स्वतःचा.

मग माझा काढला. शिखरं निम्मी. परतताना जीपचा हॉर्न मला कापसातून आला.

अंबूबाई म्हणाली, सायब, लेकराचं उसनं तुमच्या कानातून फिटून राह्यलं. मी काही घेतलं नव्हतं. घेतलं कोणी ते सांग म्हटलं, तर पदर खोचून भांडी घासायला गेली.

१८ जानेवारी
दर बारशाला माझं ऐकणं घटणार. उरलंय एवढं ठेवायचं, की सहा पोरं बहिरी राहू द्यायची? दिवसभर स्वतःशी भांडलो, हरलो. आता बारशांसाठी दारोदार. एकाला मुहूर्त हवा, एकीच्या आत्याला आधी साडी हवी. बहिरं व्हायला निघालोय, आणि त्यासाठीसुद्धा रांग.

२० जानेवारी
सहातली पाच झाली. माणसं ओठ हलवतात. कानातला बाजारही विरळ झाला, दुकानं उठावीत तसा.

उरली रेणुकाची मुलगी. शेजारीण पाटीवर लिहून सांगते : नवरा कामासाठी आधीच सुरतेला गेला, आज रेणुकाही लेकीला घेऊन निघाली, वाटेत एक मुक्काम. आत्या तिकडेच, बारसंही तिकडेच. फोन बंद.

२१ जानेवारी, दुपार
बाहेरचं काही ऐकू येत नाही. पण आत एकच आवाज उरलाय, आणि तो स्वच्छ आहे. गाडीची खडखड. रेणुका गुणगुणते. म्हणजे एवढे दिवस वाजत होता तो बाजार नव्हता. पोरांच्या कानांवरचं जग होतं.

२१, तीन
गाडी थांबली. फलाट असावा. रेणुका कोणाला तरी म्हणाली, दोन मिनिटं लेकरू पाहाजा, पाणी आणते. तिची पावलं दूर —

बाळाला उचललं. दुसऱ्याच पावलांचा आवाज. भराभर. जिना.
रेणुका हाका मारते. लांब.
तुळशीरामला लिहून दिलं, पोलिसांना फोन कर. तो पाटीवर विचारतो, कुठलं स्टेशन. मला काय माहीत कुठलं —

मी ओरडलो. मला नाही आलं ऐकू. तिला आलं; माझा उरलेला कान तिच्याकडे. ती रडायला लागली.

पावलं थांबली.
रडणं दाबलं. हातानं.
पुन्हा ओरडलो —

श्वास. तोंड अगदी तिच्या कानाशी आणलंय, तिला उचलणाऱ्यानं. तिच्याशी नाही बोलत. मला म्हणतो, तू ऐकतोयस हे मला —