प्रार्थनेतला पहारा

ती. आईस लेकीचा सलाम,

अक्षर वाकडं दिसलं तर घाबरू नकोस, उजव्या हाताला पट्टी आहे. कपाळावर तीन टाके पडलेत, पण डोकं ठिकाणावर आहे.

आमच्या अनाथाश्रमात नऊ वर्षांची नवी मुलगी आलीय. जेवणाआधी मी रोजच्यासारखं म्हटलं, "हात जोडा, डोळे मिटा." तोच हिने स्टीलचं ताट माझ्या कपाळावर हाणलं. धरायला गेले, तर मनगटाचा लचकाच तोडला. सगळ्या ताटांत रक्त उडालं.

नंतर ती स्वयंपाकीणबाईंच्या कुशीत शिरून बोलली, "मामा आधी डोळे मिटायला लावायचा. मग पट्ट्याने मारायचा."

आश्रम चालवणाऱ्या मोठ्या सिस्टरनी तोडगा काढला. आता प्रार्थना चालू असताना ती डोळे उघडे ठेवून दारात पहारा देते, हातात लाटणं घेऊन! हसू नकोस. पहाऱ्यावरून आठवलं, दादाने तुझ्या दाराची कडी बसवली का?

खरं सांगू? आता डोळे मिटायची मलाच भीती वाटते. काल तिने ते बरोबर हेरलं. लाटणं घेऊन माझ्याजवळ आली नि म्हणाली, "बाई, मिटा तुम्ही. मी बघतेय ना."

मिटले गं, आई.

तुझी हट्टी लेक