वडिलांच्या नावापुढची लाल चांदणी

नाना, तुमचा तो नियम आता माझ्या मानेवर बसला आहे. तुम्ही गेलात, धुळ्याचं घर विकलं, वधू-वर मंडळ जळगावला पिंप्राळ्यातल्या एका खोलीत आलं, पण नियम काही जात नाही. वडिलांचं नाव नसेल तर फॉर्म घ्यायचा नाही. तुम्ही त्या ओळीपुढे लाल पेन्सिलीनं चांदणी काढायचात. आता कागद संपले, लोक मोबाइलवर फॉर्म भरतात, आणि साइट बनवणाऱ्यानं तुमचा कागद जसाच्या तसा उचलला, चांदणीसकट. तो रकाना कोरा ठेवला की खाली लाल अक्षरं येतात आणि फॉर्म पुढे सरकत नाही. तुम्ही निदान समोरच्याचं तोंड बघून नाही म्हणायचात. हे तोंडही बघत नाही.

पिंपळनेरची एक बाई आहे. नवरा सोडून गेला तेव्हा पोर पाळण्यात होती. हिनं शिवणकाम करून तिला नर्स केलं. गेल्या वर्षी फॉर्म पुढे जाईना म्हणून हिनं वडिलांच्या रकान्यात आपल्या भावाचं नाव टाकलं. लबाडी म्हणून नाही हो, तिला वाटलं घरातला मोठा पुरुष विचारतायत. चोपड्याचे पाहुणे पोरगी बघायला आले, बोलता बोलता कळलं की हा बाप नव्हे, मामा. 'बापाच्या जागी मामा दाखवता, अजून काय काय लपवलंय?' असं म्हणून चहा तसाच ठेवून उठले. यंदा ती बाई माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "अक्का, बठ्ठं खरं लिखं, एक बाप तेवढा खोटा शे." मी म्हटलं, "यंदा खोटं लिहायचं नाही." बोलून बसले, आणि मग करणं आलं.

मी तुमची पोरगी चौथी पास, हे तुम्हाला सांगायला नको, शाळेतून तुम्हीच काढलंत. पण साइटच्या आतली बाजू, जिथून फॉर्म बनतो, ती माझ्याकडे आहे. भाचीनं शिकवली. एकेका रकान्याची एकेक पट्टी असते, पट्टी उघडली की आत त्याचं नाव, तो लिहायचा की यादीतून निवडायचा, आणि शेवटी 'रिक्वायर्ड' नावाची चौकोनी खूण. इंग्रजी मला वाचता येत नाही, तो शब्द मी लांबीवरून ओळखते. खूण असली की चांदणी, काढली की चांदणी गेली. इतकंच आहे ते नाना, एका टिचकीचं काम. पहिल्या दिवशी माझं बोट बाजूच्या डोळ्याच्या चित्रावर पडलं आणि सगळ्या फॉर्मवरचे वडील दिसेनासे झाले. मंडळाचे अध्यक्ष, आपले आबा, त्यांचा लगेच फोन. "अक्का, नातीचा फॉर्म बघतोय, माझा पोरगा कुठं गेला?" मी म्हटलं, "आबा, पाच मिनिटं थांबा, आणते परत." आणला. मग ती खूण काढली, खाली 'पालकाचे नाव' असा नवा रकाना घातला, आणि त्याला नात्याची यादी जोडली: आई, वडील, मामा, आजोबा. आई मी सगळ्यात वर ठेवली.

ते बघून आबा कचेरीत आले. "हे कोणाला विचारून केलं?" मी म्हटलं, त्या पोरीला विचारून. ते म्हणाले, "नियम नानांचा आहे. बदलायचा तर नानांना विचारून ये." आणि हसले. बाकीचेही हसले. म्हणून विचारतेय.

मला धुळ्याचं स्वयंपाकघर आठवतं. नवऱ्यानं मला आणून सोडल्याला वर्ष झालं होतं. मी चुलीपाशी भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसून फॉर्म लावताय, आणि दारात एक बाई उभी आहे, पोरीचा फॉर्म घेऊन. तुम्ही चांदणीवर बोट ठेवता, कागद तिच्या हातात परत देता. ती घडी घालून पोलक्यात ठेवते आणि जाते. त्याच आठवड्यात, ती यायच्या आधी, तुम्ही माझा फॉर्म भरला होतात. 'आधी लग्न झाले आहे का', त्या ओळीपुढेही चांदणी होती. ती ओळ तुम्ही कोरी सोडलीत आणि फॉर्म गठ्ठ्यात घातलात. म्हणजे चांदणी वाकते, हे तुम्हाला माहीत होतं. माझं दुसरं लग्न झालं, संसार चांगला झाला, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्या दारातल्या बाईची आहे.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही. कचेरीच्या कपाटात राहील. आणि एक सांगते, आजवर कोणाला सांगितलं नाही. माझ्या फॉर्मातली ती कोरी ओळ मी पाहिली होती. ती बाई गल्लीच्या तोंडाशीसुद्धा पोचली नसेल, मी हाक मारू शकत होते. पण मी बोलले तर तुम्ही माझाही फॉर्म बाहेर काढाल, म्हणून तवा पुसत बसले.

मंडळाचं यंदाचं वधू-वरांचं पुस्तक बुधवारी छापायला जातं. पोरीचा फॉर्म त्यात आहे, आईच्या नावानं, आणि तो मी काढणार नाही. तुमचं काही म्हणणं असेल तर मंगळवारी संध्याकाळच्या आत सांगा. आबा कचेरीत येऊन बसणार आहेत.