पंख्याची हौस

मुरूड, रमजानचा महिना

समदभाई, सलाम.

ईदला मुलांना घेऊन येताय आणि घरामागचं इंजिन चालू करून पुन्हा विजेचे दिवे लावणार, असं कळवलंत. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तुमचे भाई गेले तेव्हापासून ते इंजिन बंद आहे.

खारी हवा तारा खाईल म्हणून तुम्हीच हसत म्हणाला होतात, "भाई, गलबताला मुशी माशाचं तेल लावता ना, तेच ह्यांनाही चोपडा." त्यांनी भिंतीवरच्या साऱ्या तारांना कुंचल्यानं तेल लावलं. पुढं एका संध्याकाळी नमाजासाठी वजू करून ओल्या हातानं दिव्याचं पितळी बटण दाबलं आणि तिथेच कोसळले. हकीम म्हणाले, काळीज बंद पडलं. आपण सगळ्यांनी ते मानलं.

परवा विजेवरच्या एका पुस्तकात वाचलं की तेलानं तारांवरचं रबर सडतं. मी बटणाजवळची तार चाचपली. रबर गुळासारखं बोटाला चिकटलं आणि आतलं तांबं उघडं पडलं.

हे वाचलंत तर तुमच्या घशाखाली घास उतरणार नाही. म्हणून हे पत्र चुलीत घालते आणि दुसरं लिहिते. त्यात एवढंच असेल: मुंबईहून वायरमन आणा, मला पंखा हवाय, जुन्या तारांना तो झेपणार नाही, सगळ्या नव्या घाला, तोवर इंजिनाला हात लावू नका.

भाबीला या वयात पंख्याची हौस आली म्हणून हसाल. खुशाल हसा.

तुमची भाबी,
तैयबा